वडिलांच्या विहिरीचे पाणी

काशीनाथने चौथ्यांदा किल्ली फिरवली आणि फियाट चौथ्यांदा नुसती कण्हली. ओटीवर बसलेल्या आनंदीने पोटावर हात ठेवून बापाकडे पाहिले. नऊ महिने भरलेली लेक माहेरी आलेली. मुर्धा गावातल्या त्या आळीत गाडी एकच, आणि तिची बॅटरी वर्षात दुसऱ्यांदा गतप्राण झालेली. सकाळपासून काशीनाथचे चित्त थाऱ्यावर नव्हते.

अखेर बॅटरी रिक्षात घालून तो भाईंदरला गुणवंत मिस्त्रीकडे गेला. झाकणे उघडताच गुणवंतला झिजलेल्या प्लेटा दिसल्या. यात पाणी कोणते घालता, असे त्याने विचारले.

"आधीचा मिस्त्री बोलला, शुद्ध घाल. मी आमचे बापाचे हिरीचा घालतो. त्याचेहून शुद्ध काय हाय?"

"काका, बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी घालायचं असतं. खाडीकाठच्या विहिरीत मीठ उतरतंय आता."

"गावाची लग्नं जेवली त्या पान्यावर."

"जेवली असतील. आज एकदा चाखून बघा."

काशीनाथ दुखावला. तरीही घरी अवघडलेली लेक आहे म्हणून गुणवंतने सुचवलेली, दोन वर्षांच्या हमीची बॅटरी त्याने घेतली; सोबत पाण्याची बाटलीही. घरी येऊन ती बसवताच गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. परंतु त्याची तगमग शमेना. तो विहिरीवर गेला. नळ आल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, हे पाणी त्याच्या ओठांना लागले नव्हते. त्याने पोहरा ओढला, ओंजळ तोंडाला लावली.

मागे पत्नी चंपा उभी होती.

"कवापासून?" त्याने विचारले.

"पलीकडं खाडीत भराव पडला तवापासून. तुमाला सांगाया जीभ न्हाय रेटली."

त्याच सायंकाळी आनंदीला कळा सुरू झाल्या. गाडीने दगा दिला नाही. मुलगी झाली.

बाराव्या दिवशी घरच्या रीतीप्रमाणे बाळंतिणीने विहीर पुजली. विहिरीतून काढलेल्या पाण्याचा थेंब बाळाच्या ओठांना लावायचा, हा त्या घराचा नेम. तत्पूर्वी मागील दारी चंपाला नळाखाली कलश भरताना काशीनाथने पाहिले. त्याने तो भरला कलश तिच्या हातून घेतला, त्याच्या गळ्याला दोर बांधला आणि साऱ्या आळीदेखत विहिरीत अर्ध्यावर, पाण्याला टेकू न देता सोडला. मग एक थेंबही न सांडता, सावकाश वर ओढून घेतला.