ऑक्सिजनशेजारी मेणबत्ती

अगं ऐक ना, आज काय झालं ते! बाबा दुपारी मळ्यात द्राक्षं तोडता तोडता कोसळला. अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागोमाग मी आणि झेनोव्हिया आत्या हॉस्पिटलात पोचलो, तर इमर्जन्सीच्या दारातच डॉक्टर ओल्तेया म्हणाली, "हृदय बंद पडलंय. प्रयत्न चालू आहेत. आत यायचंय? या, पण पायाशी उभं राहायचं, मध्ये यायचं नाही."

आत यायचंय का म्हणे! आपल्या रोमानियात कुणी आत घेतं का कधी? लोक दाराबाहेर रडत बसतात, मग कुणीतरी येऊन काय ते सांगतं. मी घुसलेच.

आणि घुसले ते चुकलंच असं वाटलं गं. एक दांडगा ब्रदर बाबाच्या छातीवर दोन्ही हातांनी असा दाबत होता की बरगडी मोडल्याचा आवाज आला. खरंच आला! नर्स तोंडावर मास्क धरून फुगा दाबतेय, ऑक्सिजन सूं सूं करतोय. बाबाचे पाय थंडगार, मातीनं भरलेले. मी तेच धरून ठेवले, दुसरं काय करणार?

तेवढ्यात शेजारी खट्! बघते तर आत्या. एका हातात पिवळी मेणबत्ती, दुसऱ्यात लायटर.

"आत्या, ऑक्सिजन आहे! सगळे जळून मरू!"

"मरा! माझा भाऊ हातात उजेड घेतल्याशिवाय जाणार नाही. पलीकडे काय अंधारात चाचपडत फिरू दे त्याला?"

मी झडप घालून लायटर हिसकावला.

"बाहेर काढा हिला!" ब्रदर ओरडला.

"नको! मी धरते तिला. बाबाला तिनंच वाढवलंय."

डॉक्टरनं एकदाच आमच्याकडे बघितलं. "घट्ट धर. बाजूला व्हा सगळे!" शॉक दिला. बाबा उडाला नि धप्पकन पडला. मॉनिटरच्या पडद्यावरची रेघ तशीच वेडीवाकडी. परत दाबणं सुरू.

"हाक मारा त्याला," डॉक्टर म्हणाली.

माझ्याआधी आत्याच कडाडली, "पाम्फिल! ऐकतोयस का गाढवा? मेणबत्ती लावू देत नाहीयेत इथं! आज जायचं नाही! खबरदार गेलास तर!"

पुन्हा शॉक. पुन्हा दाबणं. मग डॉक्टरची बोटं बाबाच्या गळ्यावर. मी तिच्या तोंडाकडे बघतेय, बघतेय...

"आहे," ती म्हणाली. "नाडी आहे."

आत्याला कुठलं काय ऐकू जातंय, ती आपली बाबाला शिव्या देतच होती.