परतीची वायर

आमच्या गाडीचा डॅशबोर्ड गेला तो त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर, एका सोमवारी, संध्याकाळी पावणेसहाला, मुलुंडच्या नाक्यावर. वेळ इतकी नेमकी सांगता येते कारण डॅशबोर्डातलं घड्याळही तेव्हाच थांबलं. पेट्रोलचा काटा खाली पडला, तापमानाचा पडला, आतले पिवळे दिवे विझले. गाडी मात्र चालत होती, पुढचे दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता. मला राग आला. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि कारण न सांगता बंद पडणाऱ्या वस्तूंचा मला मनापासून राग येतो.

शेजारी माझे वडील, अण्णा, बसले होते. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. गाडी त्यांचीच. लाकडी डॅशबोर्डाची ही विलायती गाडी त्यांनी पन्नास साली कुणाकडून तरी जुनी घेतली होती. आजारपणानंतर मी रोज संध्याकाळी त्यांना तिच्यातून अर्धा तास फिरवून आणायचो, आणि तेवढा अर्धा तास ते पुन्हा पहिल्यासारखे असायचे. निघण्याआधी डाव्या हाताचं बोट डॅशबोर्डातल्या एकेका मीटरच्या काचेवर टेकवायचे. पेट्रोल, तापमान, घड्याळ. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे आणि मी "ठीक" म्हटल्यावरच पुढे जायचे. मी गाडी शिकत होतो तेव्हा हीच तपासणी ते माझ्याकडून करून घेत. तेव्हा "ठीक" म्हणायचं काम त्यांचं होतं.

त्या सोमवारी काटे पडले तसा अण्णांनी हात मांडीवर ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. रात्री जेवले नाहीत. मंगळवारी माझी बायको शुभा पेज भरवायला बसली तर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. डॉक्टर म्हणाले की नवीन काही झालेलं नाही, पण या वयात असं अन्न सोडलेला माणूस फार दिवस काढत नाही. शुभाचं म्हणणं वेगळं होतं. काटे पडले तसे आपणही संपलो, असं त्यांना वाटतंय म्हणाली. मला ते पटायला नको होतं, पण पटलं.

मुलुंडच्या मेकॅनिकने बॅटरी तपासली, फ्यूज बदलला आणि सगळी मीटरं जळाली आहेत असं सांगून टाकलं. वायरिंग उपसावं लागेल, तीन आठवडे लागतील. तीन आठवडे आमच्यापाशी नव्हते. भांडुपच्या गावठाणात बेसिल नावाचा एक जण जुन्या गाड्यांचं वायरिंग करतो असं ऐकलं होतं, म्हणून बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून निघालो. अण्णांना घेऊनच जा म्हणून शुभा हटून बसली. दोघांनी मिळून त्यांना सीटवर बसवलं. त्यांनी डॅशबोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही.

बेसिल सहा महिन्यांपूर्वीच नोकरीसाठी बहारीनला गेला होता. पत्र्याच्या शेडमध्ये त्याची बायको जोसेफीन होती. चाळिशीची, पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत ग्रीस. माझं तोंड उतरलं असणार. तिने ते पाहिलं आणि सोडून दिलं. वायरिंग पहिल्यापासून तीच करते, असं तिने शांतपणे सांगितलं. बेसिलला लाल आणि हिरवी वायर सारखीच दिसते, त्यामुळे तो इंजिनं बघायचा.

मी विज्ञानाचा मास्तर असल्याचं सांगून बिघाडांची यादी वाचायला लागलो तर तिने थांबवलं. बंद काय ते नको, चालू काय ते सांगा म्हणाली. मी सांगितलं. इंजिन, हॉर्न, पुढचे दिवे, मागचे दिवे. ती मान हलवत ऐकत राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "चार माणसं एकाच मिनिटाला गेली तर चौघांना चार आजार नसतात."

तिने डॅशबोर्डाचे स्क्रू काढले, फळी हातभर पुढे ओढली आणि मला मागे डोकावायला सांगितलं. मग बॉनेट उघडून पुढच्या दिव्याच्या मागे बोट दाखवून विचारलं, इथे वायर किती. एक, मी म्हणालो. शाळेत किती शिकवता? दोन. एक जायला, एक यायला.

"मग यायची कुठाय?"

नऊ वर्षं मी फळ्यावर बॅटरी काढली, बल्ब काढला, दोन रेघांनी ते जोडले आणि पोरांकडून पाठ करून घेतलं. तेवीस वर्षं या गाडीत बसलो. आणि आता त्या दिव्यामागे दुसरी वायर शोधत होतो.

जोसेफीनने दारावर थाप मारली. "ही काय. अख्खी गाडी. करंट वायरीतून जातो आणि पत्र्यातून घरी येतो."

मी त्या गाडीकडे पाहत राहिलो. बॉनेट, दारं, छप्पर, मे महिन्यात घाटकोपरला ट्रकने माझ्या बाजूचा चेपवलेला मडगार्ड, या सगळ्यातून इतकी वर्षं वीज गुपचूप परत येत होती आणि मी त्यावर कोपर टेकून बसत होतो. पुस्तकात मी हे कधीतरी वाचलंही असेन. पण वाचणं वेगळं. मला त्या पत्र्याला हात लावायचा धीर होईना.

लाकडातून मात्र वीज जात नाही, तिने समजावलं. म्हणून लाकडी डॅशबोर्डातल्या सगळ्यांना मिळून परतीची एकच काळी वायर असते, ती खाली कुठेतरी पत्र्याला जोडलेली. तिने दोन वायरींचा एक छोटा बल्ब घेतला. त्याचं एक टोक दाराच्या बिजागरीला लावलं, दुसरं मीटरच्या लाल वायरीला. बल्ब लागला. येतोय, ती म्हणाली. मग बिजागरीवरचं टोक काढून काळ्या वायरीला लावलं. बल्ब विझला. जात नाहीये. मग बल्ब बाजूला ठेवून तिने वायरीचा एक उघडा तुकडा घेतला आणि काळ्या वायरीपासून बिजागरीपर्यंत धरला.

पेट्रोलचा काटा हलला. सावकाश वर चढत निम्म्यावर येऊन थांबला. त्याच्यामागून तापमानाचा निघाला. पिवळे दिवे लागले आणि घड्याळ पावणेसहापासून टिकटिक करायला लागलं. एवढासा वायरीचा तुकडा, आणि सगळं एकदम परत आलं. मी देवळातही सहसा हात जोडत नाही. तिथे ते आपोआप जोडले गेले.

अण्णांनी मान वळवली होती. ते काट्यांकडे बघत होते.

हे तात्पुरतं, मूळ शोधायला हवं, असं म्हणत जोसेफीन वाकली. "बाबा, जरा पाय सरकवते हं," म्हणून तिने अण्णांचे पाय स्वतःच्या हातांनी बाजूला केले आणि डॅशबोर्डाखाली शिरली. बराच वेळ नुसता खरवडल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर काळं पडलेलं, सुकलेलं लिंबू होतं. खाली दोन मिरच्या. नेमकं काळ्या वायरीच्या बोल्टलाच बांधलेलं. रस ठिबकून ठिबकून बोल्ट हिरवा झाला होता आणि वायर बोटाने तुटत होती.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरात लिंबू-मिरची चालत नाही. ही गाडी आली त्या दिवशी आईने पुढे लिंबू बांधलं होतं. अण्णांनी ते सोडलं, पिळलं, सरबत केलं आणि आईसकट सगळ्यांना प्यायला लावलं. त्या अण्णांच्या गाडीत हे. मी शुभाचं नाव घेऊन बरंच काही बोललो.

जोसेफीन दोरा उलटसुलट करून बघत होती. "बायकोचे दोन्ही हात धड आहेत ना?"

आहेत, मी म्हणालो.

"मग ही तिची गाठ नाही. एका हाताने गुंडाळलाय आणि टोक दाताने ओढलंय. बघा, चावलेलं दिसतं."

दोरा पांढरा होता, अण्णांच्या औषधांच्या पुड्याला येतो तसला. त्या सीटवर बसून डावा हात खाली घातला की बरोबर त्या बोल्टापाशी पोचतो. मला घाटकोपरचा ट्रक आठवला. त्या दिवशी मी इंचभराने वाचलो होतो आणि घरी जाऊन दोन तास ट्रकवाल्याला शिव्या देत बसलो होतो. अण्णा शेजारीच होते. त्यांना काही सांगता येत नव्हतं. पुढे शुभा टोपलीतली लिंबं कमी होतात म्हणून कुरकुरायची, तर मी तिला मोजायला शीक म्हणालो होतो.

मी अण्णांकडे पाहिलं. वर्गात कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखे ते खिडकीबाहेर बघत होते.

जोसेफीनने बोल्ट पॉलिश पेपरने घासून लख्ख केला, वायरीला नवं टोक लावलं, आवळलं, फळी जागच्या जागी बसवली. मग शेडमागे जाऊन झाडाचं एक ताजं लिंबू घेऊन आली. तिच्या घरच्या टॅक्सीतही वांद्र्याच्या मोत माउलीचा फोटो आहे, तिने सांगितलं, फक्त वायरींपासून लांब लावलाय. मी तिच्याकडून सुईदोरा घेतला, लिंबू ओवलं आणि अण्णांच्या दाराच्या हँडलला स्वतः बांधलं, दोन गाठी मारून.

मग माझ्या जागेवर येऊन बसलो. अण्णांचा डावा हात मांडीवरून उठला. बोट पेट्रोलवर टेकलं. ठीक, मी म्हणालो. तापमानावर टेकलं. ठीक. घड्याळावर टेकलं. ते चुकीची वेळ दाखवत होतं, तरी मी ठीक म्हणालो.

एरवी तपासणी इथे संपायची. त्या दिवशी हात खाली गेला नाही. तो माझ्याकडे आला आणि बोट माझ्या छातीवर टेकलं. ते थांबले, माझ्याकडे बघत.

"ठीक, अण्णा," मी म्हणालो. "एकदम ठीक."