कडू तेवढं

"याला वास येतोय का बघ." ऊर्मिलानं हिरव्या कुर्त्याची काख उलटी करून चारुदत्तच्या नाकापुढे धरली.

चारुदत्त वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर करून हुंगलं. "ठीक आहे."

"ठीक म्हणजे? घामाचा येतोय की कपाटाचा?"

"अगं, कपड्याचा येतोय. कपड्याला येतो तसा."

तिनं कुर्ता पलंगावर फेकला आणि कालच धुतलेला दुसरा घातला. चार महिने हेच चाललं होतं. दूध नासलंय का, फोडणी करपली का, सगळं नवऱ्याच्या नाकानं विचारायचं, आणि त्या नाकाजवळ शब्द तीनच: छान, ठीक, उग्र.

२०१६च्या नऊ जानेवारीला जर्मनीतल्या वाल्डॉर्फच्या बसस्टॉपवर बर्फावरून तिचा पाय सटकला आणि डोकं मागून फरशीवर आपटलं. दोन टाके, हॉस्पिटलात एक रात्र. घरी आल्यावर चारुदत्तनं मोठ्या कौतुकानं आल्याचा चहा केला, तो तिला नुसत्या गोड गरम पाण्यासारखा लागला. नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू तुटलेत, डॉक्टर म्हणाले, वर्षभरात वास परत येईल किंवा येणार नाही. 'येणार नाही' ते जरा घाईनंच म्हणाले.

दुसरी कुणी असती तर निभलं असतं. पण मसाले आणि चहाची मिश्रणं करणाऱ्या कंपनीत ऊर्मिलाला पगार मिळत होता तो वास घेण्याचा. गेली नऊ वर्षं. पोत्यातली मूठभर वेलची हुंगून ती उन्हात वाळवली की धुरावर, हे ती सांगायची. ऑफिसात तिनं फक्त टाक्यांचं सांगितलं. आता रोज सकाळी चाचणीच्या टेबलावर ती आधी शेजारच्या पेट्राचा चेहरा बघायची, मग पेट्राचा कागद, आणि एखादा शब्द बदलून तेच आपल्या कागदावर उतरवायची. उरलेलं आठवणीतून. संध्याकाळी घरी येईपर्यंत दात आवळून आवळून तिचा जबडा दुखायला लागायचा.

"आज तरी सांगून टाक," गाडी चालवताना चारुदत्त म्हणाला. "व्हीलांड चांगला माणूस आहे."

"चांगला आहे म्हणून नाक गेलेल्या बाईला टेबलावर बसवेल?"

"वर्ष म्हणालेत ना डॉक्टर. येईल ग—"

"येईल गं म्हणू नकोस. पुन्हा म्हणालास तर इथेच उतरेन मी."

त्यानं रेडिओ लावला. तिला त्याचाही राग आला.

क्लाऊस व्हीलांड तिचे साहेब, चाचणी विभागाचे प्रमुख. श्वेत्सिंगेनला त्यांच्या घरी आज दोघांना जेवायचं बोलावणं होतं. मे महिना म्हणजे त्या गावात पांढऱ्या श्पार्गेलचे, म्हणजे ॲस्परॅगसचे, दिवस. त्यांच्या बायकोनं, इंग्रिडनं, ते कोवळे दांडे उकडून वर वितळलेलं लोणी ओतून वाढले. चारुदत्तनं तीनदा घेतले. ऊर्मिलाच्या तोंडात काहीतरी मऊ, खारट आणि ओशट फिरत राहिलं. "अप्रतिम," ती म्हणाली. नऊ वर्षांत जर्मन भाषेतली स्तुतीची इतकी विशेषणं तिनं जमवली होती, की त्यांतलं कोणतंही एक डोळे मिटून उचललं तरी चालत होतं.

ताटं उचलली तेव्हा साडेआठ वाजत आले होते आणि बागेत अजून स्वच्छ उजेड होता. इंग्रिडनं काळ्या चॉकलेटचे तुकडे आणून ठेवले, स्वयंपाकघरातून उघडूनच आणलेली एक बाटली नवऱ्याच्या हाती दिली आणि चार छोटे ग्लास मांडले.

"आल्झो, तर मग," व्हीलांड ओतता ओतता चारुदत्तकडे बघत म्हणाले. "बारोलो किनातो. इटलीत एका गावात औषधवाल्याच्या दुकानात घेतली होती मी. तांबडी वाइन, आणि तिच्यात सिंकोनाची, म्हणजे कोयनेलाच्या झाडाची, साल आणि इतर मुळंपानं. जेवणानंतर घोट घोट घ्यायची." ते ऊर्मिलाकडे वळले. "ऑक्टोबरमध्ये मी निवृत्त होतोय, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या जागी तुमचं नाव द्यायचं ठरवलंय. म्हणून ही आज उघडली. पहिलं नाक तुमचं, फ्राऊ सबनीस."

तिघंही तिच्याकडे बघत होते. ऊर्मिलानं ग्लास नाकाशी नेला. काहीच नाही. काचेचा गारवा तेवढा ओठाच्या वर लागला. पण हीच वाइन दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर तिनं प्यायली होती, आणि तिच्या डोक्यात तो वास जागच्या जागी होता.

"आधी संत्र्याची साल, वाळलेली," ती सावकाश म्हणाली. "मग लवंग. वेलची अगदी मागे. रेवाचिनीचं मूळ. आणि तळाशी गुलाब, कोमेजायला आलेला."

बोलता बोलता टेबलाखाली चारुदत्तचा गुडघा तिच्या गुडघ्यावर दाबला गेला. तिनं पाय बाजूला घेतला. कधी नव्हे ते मनासारखं बोलणं जमत होतं आणि याचं मध्येच काय! तिनं एक घोट घेतला. "आणि फार सुरेख तोल आहे."

इंग्रिडनं ओठाला लावलेला ग्लास तसाच खाली ठेवला आणि ती नवऱ्याकडे बघायला लागली. "क्लाऊस, ही तर..."

व्हीलांडनी तिच्या मनगटावर हात ठेवला. त्यांनी आपला ग्लास हुंगला, थांबून पुन्हा हुंगला. चारुदत्त चॉकलेटच्या कागदाची घडी घालत होता.

"फ्राऊ सबनीस," व्हीलांड हळू आवाजात म्हणाले, "खराब बुचानं बाटली नासली आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. ग्लास नाकाशी नेला की कुणालाही येईल."

ऊर्मिलानं ग्लास खाली ठेवला. काहीतरी म्हणायला हवं होतं. सर्दी आहे, मे महिन्यातली परागकणांची ॲलर्जी आहे. वाक्यं तयार होती, पण तिनं एकही वापरलं नाही.

"कधीपासून?"

"नऊ जानेवारी."

"जानेवारी," व्हीलांडनी नुसतं म्हटलं. मग, "आणि मार्चमधली वेलची? तुम्ही सही केलीत ती?"

"पेट्राच्या कागदावरून."

"सगळं?"

"सगळं." तिचा आवाज चढला. "रोज! आधी तिचं तोंड बघायचं, मग तिचा कागद. घरी गेलं की याचं तोंड बघायचं. स्वतःच्या घामासाठीसुद्धा! मला कंटाळा आलाय हो या सगळ्याचा." शेवटचं वाक्य मराठीत गेलं हे तिला नंतर कळलं. ते कुणी भाषांतर करून मागितलं नाही.

व्हीलांडनी बाटली बाजूला सारली. "सोमवारी आठ वाजता माझ्या खोलीत या," ते म्हणाले. "जानेवारीपासूनचे सगळे नमुने पुन्हा काढावे लागतील. पेट्रालाही बोलवावं लागेल. ऑक्टोबरचं आता मी काहीच सांगू शकत नाही."

"हो."

"मला वाईट वाटतंय. आणि रागही आलाय. दोन्ही."

"हो," ती पुन्हा म्हणाली.

ते उठले आणि ग्लास गोळा करायला लागले. त्यांचा स्वतःचा भरलेला, इंग्रिडचा भरलेला, चारुदत्तचा भरलेला. तिच्या ग्लासाकडे त्यांचा हात आला तेव्हा ऊर्मिलानं त्यावर तळहात ठेवला.

"माझा राहू द्या."

"अहो, नासली आहे ती. ओतून टाकायचीय."

"मला नाही नासलेली." तिनं वर बघितलं नाही. "चार महिने तोंडात नुसता ओला कापूस आहे. ही जिभेला लागतेय. मघाशी लागली. मी तेव्हा दुसरंच काहीतरी बोलत बसले होते."

"ऊर्मिला, चल, निघू या," चारुदत्त पुटपुटला.

"तुला जायचं असेल तर गाडीत जाऊन बस."

तो जागचा हलला नाही. व्हीलांडच्या हातात तीन ग्लास होते. ते त्यांनी इंग्रिडच्या हाती दिले, बाटली ऊर्मिलाच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्या समोरची खुर्ची ओढून बसले, चाचणीच्या टेबलावर बसत तसे, दोन्ही कोपरं टेकवून.

"सांगा," ते म्हणाले. "जे लागतंय तेवढंच. आठवणीतलं नको."

ऊर्मिलानं घोट घेतला आणि या वेळी तोंडात धरून ठेवला. आधी गोड आलं, जिभेच्या शेंड्यावर, आणि लगेच सरलं. हिरड्या आवळल्या गेल्या. घशात ऊब उतरली. आणि मग मागून, जिभेच्या मुळाशी, ते चढायला लागलं, संथ, गडद, थांबायचं नाव न घेणारं. तिचे डोळे भरून आले.

"कडू," ती म्हणाली.

व्हीलांडनी मान डोलावली आणि ते पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले.