बाया सांगितल्या का

माझा साळा मधुकरराव सेवाग्रामच्या दवाखान्यातून फोनवर म्हणाला, "भाऊजी, या तुम्ही. घाई नोका करू." माझी बायको अन्नपूर्णा तिथे भरती होती, आणि आदल्या दिवशीपर्यंत तो लवकर या म्हणत होता. घाई नको म्हणाला, तेव्हा मला समजलं. मी रोपांना पाणी देत होतो. पाइप बंद केला, हात धुतले आणि वडनेरच्या स्टँडवर जाऊन गाडीची वाट पाहिली.

अन्नपूर्णाचा फोन माझ्या खिशात होता. तो रस्ताभर वाजत राहिला. आमच्या रोपवाटिकेचं फेसबुकवर पेज आहे, त्यावर लोक मेसेज टाकतात. पूर्वी ती एकेकाला स्वतः फोन करायची. आजारी पडल्यावर आमच्या मुलीने, मयुरीने, आपोआप उत्तर जायची सोय करून दिली. कोणी काहीही लिहिलं की नमस्कार जायचा, वांग्या-टमाटरच्या रोपांचा फोटो आणि भाव जायचा, मग नाव, गाव, नंबर विचारला जायचा. त्या दिवशीही सगळ्यांना उत्तरं गेली.

तेरवी होऊन पाहुणे गेल्यावर मयुरीही नागपूरला नोकरीवर परत निघाली. जाताना म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत पाहू. रोपं खपली तर ठेवू. नाई तर शेडनेट विकून माझ्याकडे या." मला नागपूरला जायचं नव्हतं. सकाळी उठून काय करायचं ते मला रोपांवरच्या या हिरव्या जाळीखाली, शेडनेटमध्येच कळतं. हे मी तिला सांगितलं नाही.

मेसेज पुष्कळ येत. तेवढे नंबर पाहून मी सगळ्या ट्रेमध्ये बी टाकलं. रोपं तयार झाली तसे फोन लावायला बसलो. एक जण लातूरचा निघाला, त्याला नुसतं पाहायचं होतं. एकाला कुंडीत लावायला दोन रोपं हवी होती. एकाने अनुदान कुठे मिळतं ते विचारलं. एक म्हणाला, "नाई काका, चुकून बोट लागलं." एक तर मलाच खत विकू लागला. रोप थांबत नाही. ट्रेमध्ये मुळं गुंडाळतात, दांडा लांबतो, मग ते लावायच्या कामाचं राहत नाही. तो सगळा माल शेजारच्या बकऱ्यांनी खाल्ला.

मयुरी रविवारी आली. फोन पाहून म्हणाली, "लीड खराब येऊन राह्यले, बाबा."

"लीड म्हणजे?"

"घेईल असं वाटणारं गिऱ्हाईक. आपल्याकडे विचारणारेच येतात. आई पहिले काय विचारे?"

मी आठवलं. अन्नपूर्णा आधी भाव सांगत नसे. समोरचा भाव विचारायचा आणि ही म्हणायची, "बाया सांगितल्या का?" आमच्याकडे लावणी बायाच करतात. त्यांना आधी दिवस सांगून ठेवावा लागतो. वाफे झाले नसतील, पाण्याचा भरवसा नसेल, तर कोणी बाया सांगत नाही. त्या आल्या आणि काम नसलं तर मजुरी जाते, वर गावात नाव खराब होतं. ज्याने बाया सांगितल्या तो रोपं नेणारच.

मयुरी हसली. आई गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "अनोळखी माणसाले हे विचारायचं? बाहेरचा काय समजन?"

"बाहेरचा रोपं न्यायले येत नाई."

तिने तसं बसवून दिलं. पहिला प्रश्न बायांचा. दिवस सांगितला तर भाव जाईल आणि नंबर माझ्याकडे येईल. नाही म्हटलं तर धन्यवाद जाईल, पुढे काही नाही. थोड्या वेळात एकाने लिहिलं, "तुले काय करायचं बायाचं? रेट सांग."

"हा गेला," मयुरी म्हणाली.

फोन शांत झाला. मला काळजी वाटली, तरी मी नवीन बी टाकलं. पण ज्यांचे नंबर आले ते गाडी घेऊनच आले. दसऱ्यानंतर ट्रे रिकामे होऊ लागले. मयुरी फोनवर म्हणाली, "राहू द्या शेडनेट." मी बरं म्हणालो आणि रिकामे ट्रे धुवायला घेतले.

मग बाबाराव आले. पलीकडच्या गावचे, दरवर्षी वांग्याची रोपं नेणारे. या वेळी गाडी आणली नव्हती.

"प्रेमदास, तुहा फोन मले धन्यवाद म्हणते."

"तुम्ही काय लिहिलं होतं?"

"नाई म्हणून लिहिलं. बाया भेटूनच नाई राह्यल्या, सगळ्या कापसात. वहिनीले असं सांगितलं का ते धुरपताबाईले फोन करे. दिवस पुढंमागं करून बाया पाहून दे. म्हणून तर विचारे ते. तुले काय वाटलं, गिऱ्हाईक पारखून राह्यली?"

मला तसंच वाटलं होतं. ती विचारायची ते मी पाणी देताना ऐकायचो. नंतर कोणाशी काय बोलायची, तिकडे माझं लक्ष नसे.

धुरपताबाई लावणीच्या बायांची टोळी चालवते. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "भाऊ, माह्या बाया मधी दोन-चार दिवस रिकाम्या होत्या. तिचा फोन येईना, मले वाटलं तुम्ही रोपं बंद केली." बाबारावांना गुरुवार मिळाला. ते गाडी घेऊन परत आले आणि रोपं घेऊन गेले.

त्या रात्री मी मयुरीला विचारलं, नाही म्हणणारे फोनमध्ये आहेत का. ती म्हणाली, "आहेत. खराब म्हणून वेगळे काढले." ते कुठे उघडायचे तेही तिने सांगितलं. उघडून पाहिलं तर बरीच नावं ओळखीची निघाली. पार लांब आष्टीकडचेही दोन-तीन होते. काहींनी नाहीच्या पुढे कारणही लिहिलं होतं.

धुरपताबाई रोज विचारते, अजून कोणाकडे लावणी आहे का. मी पाहून सांगतो म्हणतो. नाही लिहिलेल्यांपैकी एकालाही मी अजून फोन केलेला नाही; नाही म्हटल्यावर अन्नपूर्णा पुढे काय बोलायची, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.