दोघांच्या नावावरचं घर

दारावर थाप पडली तशी नोएलीन ओट्यामागे खाली बसली. हातातला ओला टॉवेल तिने छातीशी घट्ट धरला. किटलीतलं पाणी खळखळत होतं. आवाज बाहेर जाईल म्हणून तिने हात वर करून चाचपत बटण बंद केलं आणि श्वास रोखला.

पुन्हा थाप. मग ओळखीचा खरखरीत आवाज.

"नोएलीन! गाडी दारात उभी आहे तुझी. मला काय कळत नाही होय?"

शेजारच्या कूलामावशी. ऐंशीच्या घरातली ही ग्रीक बाई सगळ्या गल्लीचीच मावशी होती. नोएलीन ओट्याची कड धरून उठली आणि तिने दार उघडलं. मावशींच्या हातात झाकलेलं ताट होतं. पालक भरलेली ग्रीक पाई, अजून गरम.

"कोण वाटलं तुला?"

"कोणी नाही, मावशी."

"कोणी नाही, म्हणून आपल्याच घरात चोरासारखी लपतेस? गुडघ्याला पीठ लागलंय बघ."

नोएलीनने गुडघा झटकला, खुर्ची ओढली आणि अचानक रडायला लागली. मावशींनी ताट खाली ठेवलं. "बँक?" एवढंच विचारलं. नोएलीनने मान डोलावली.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या पायांच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पाय हलेनात, आठवड्याने हात, मग गिळणं, मग पापण्या. त्यांच्या व्हायला या गावच्या डॉक्टरांनी विमानाने अॅडलेडला पाठवलं. तिथे ती महिनोन्‌महिने नळ्यांवर पडून होती. कानाला सगळं ऐकू येई, पण बोटही हलत नसे. नवरा डॅरिल सुरुवातीला दर आठवड्याला यायचा. मग महिन्याने, मग नाहीच. घरी क्रेडिट कार्डाचं बिल, फोनचं बिल साचत राहिलं. ती पुन्हा चमचा धरायला शिकत होती तेव्हा तिचं नाव थकबाकीदारांत लागलंही होतं.

घटस्फोट कागदोपत्रीच झाला, वकिलांमार्फत. समोरासमोर गाठ पडलीच नाही. घर नोएलीनने ठेवायचं, दोघांच्या नावावरच्या गृहकर्जाचा हप्ता निम्मा-निम्मा भरायचा आणि पुढे तिने कर्ज आपल्या एकटीच्या नावावर करून घ्यायचं, असं ठरलं. ती पुन्हा शाळेची बस चालवायला लागली, तीही अर्धवेळ. पण कर्ज नावावर करून द्यायला कुठलीच बँक तयार होईना. थकबाकीची ती नोंद पाच वर्षं पुसली जात नाही. आणि या उन्हाळ्यात डॅरिलचा निम्मा हप्ता यायचा थांबला. त्याचा फोन वाजून वाजून बंद होई. घर विकून वसुली करू, असं बँकेने कळवलं, त्यानंतर नोएलीनने पाकिटं फोडणंच सोडून दिलं.

"मावशी, पायाला पुन्हा मुंग्या येतायत," ती हळूच म्हणाली.

"डॉक्टरला सांगितलंस?"

"डॉक्टर म्हणाले, तपासण्या साफ आहेत. ही भीती आहे. पण मला फरकच कळत नाही हो. पाकीट आलं की मुंग्या, फोन वाजला की मुंग्या. सुरुवात अशीच झाली होती ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलांना घरी सोडताना, गोदीच्या रस्त्यावर, तिला उजवा पाय जाणवेनासा झाला. ब्रेकवर पाय आहे की नाही, हेच कळेना. मागे मुलांचा गोंधळ चालला होता. तिने डावा पाय उजव्यावर ठेवून दाबला, बस कडेला घेतली, दिवे लावले. लाल धुळीत बस उभी राहिली.

"मिस, काय झालं?" मागून एका मुलीने विचारलं.

"काही नाही. इंजिन तापलंय. बसा जागेवर."

हळूहळू पाय जाणवू लागला. तिने एकेका मुलाला दारात सोडलं, बस आगारात लावली आणि सुपरवायझरला सगळं खरं सांगितलं. त्याने तिला आठवडाभर बस न्यायला मनाई केली. आता पगारही अडकणार होता. घरी येऊन तिने गोळा करून ठेवलेली सगळी पाकिटं पिशवीत घातली आणि मावशींना हाक मारली. "चला माझ्याबरोबर. एकटी गेले तर दारातूनच परत येईन."

समाजकेंद्रात कर्जात अडकलेल्यांना फुकट सल्ला देणारी पेट्रा नावाची बाई बसायची. तिने पाकिटं फोडून तारखेप्रमाणे लावली. मावशी शेजारी हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"निम्मा मी भरलाय," नोएलीन म्हणाली. "दर महिन्याला. त्याचा निम्मा राहिला, त्यात माझा काय दोष?"

"बँकेला निम्मंबिम्मं कळत नाही, नोएलीन. कोर्टाने तुमचं लग्न मोडलं. कर्ज अजून शाबूत आहे. एकाने नाही भरलं तर सगळं दुसऱ्याकडून मागणार."

"मग संपलंच."

"संपलं नाही. आजारपणामुळे अडचण आलीय, मुदत द्या, असं तुम्ही एकट्या मागू शकता. त्याची सही नको. फोन इथूनच लावू."

"आत्ता?"

"आत्ता."

पेट्राने बँकेचा नंबर लावून फोन नोएलीनच्या हातात दिला. पलीकडे एका तरुण मुलाचा आवाज आला. जन्मतारीख विचारली. ती चुकली, पुन्हा सांगितली. मग त्याने विचारलं, "अडचण काय आहे?" पेट्राने तोंड उघडलं, पण मावशींनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"मी आजारी होते," नोएलीन म्हणाली. "हलता येत नव्हतं. नवरा गेला. मला घर... मला थोडा वेळ द्या."

वेळ मिळाला. तीन महिने. फोन ठेवल्यावर पेट्राने खरं ते सांगितलं. तीन महिन्यांत कर्ज एकटीच्या नावावर होणं अवघड आहे. बँकेने विकण्याआधी आपण विकलं तर भाव बरा येईल, कर्ज फिटेल, थोडं हाताशी राहील. पण त्याला दोघांच्या सह्या लागतील.

तासाभरावरच्या पोर्ट ऑगस्टाला डॅरिल कॅराव्हॅन पार्कात, चाकांवरच्या घरांच्या वस्तीत राहतो, हे मावशींनी कुठून तरी शोधून काढलं. बससाठी मनाई होती. आपली गाडीही नोएलीनने चालवली नाही. मावशींनी चालवली, जीव मुठीत धरायला लावेल अशी. नोएलीन मनात डॅरिलसाठी शिव्या घोकत होती आणि खाली पायाची बोटं हलवून बघत होती.

डॅरिलने दार फटीएवढंच उघडलं. दाढी वाढली होती, गाल बसले होते. तिच्याकडे बघताना त्याची नजर खाली तिच्या पायांवर गेली आणि तिथेच राहिली.

"तू चालतेस," तो म्हणाला.

"दोन वर्षं झाली."

"मला... कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कुणाला?"

तो बाहेर येऊन लाकडी पायरीवर बसला. खाणीतली नोकरी गेली होती. तिचा फोन आला की तो पालथा घालून ठेवायचा. "तुला काय सांगणार होतो? आधीच एकदा पळालेला माणूस मी."

घोकलेल्या शिव्यांपैकी एकही तिला आठवेना. "का गेलास?"

"तू बघायचीस माझ्याकडे. पापणी हलायची नाही. मला वाटायचं, आत तू नाहीसच. मी गाडीत जाऊन बसायचो. एक दिवस गाडी सुरू केली आणि थांबवलीच नाही."

"मी होते आत," नोएलीन म्हणाली. "नर्सला विचारलंस ना, हिला ऐकू येतं का? मग दार ओढून घेतलंस. सगळं ऐकलं मी."

डॅरिलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती उभीच राहिली. जवळ गेली नाही, निघालीही नाही. मग म्हणाली, "घर विकायचंय. सही लागेल."

"देतो. म्हणशील तिथे देतो."

घर पावसाळी थंडीत विकलं गेलं, एका गोदी कामगाराच्या कुटुंबाला. थकबाकीच्या नोंदीमुळे भाड्याचं घरही कुणी देईना. शेवटी मावशींनी भाच्याला दटावून त्याच्या घरामागची दोन खोल्यांची जागा मिळवून दिली. तिला बस परत मिळाली. मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत. अजूनही पाय खाली टेकवताना ती क्षणभर थांबते, फरशी लागते का बघते.

किल्ली द्यायच्या दिवशी फ्रिज न्यायला डॅरिल कुणाची तरी गाडी घेऊन आला. ते झाल्यावर नोएलीनने मागच्या खोलीपासून फरशी पुसायला घेतली. उलट्या पावली मागे सरकत ती मधल्या खोलीतून दारापर्यंत आली आणि बादली बाहेर ठेवली. फ्रिज सरकवायला खाली घातलेली जाड चादर आत राहिली होती, ती आणायला डॅरिल दारात आला. वाकला, बूट काढले, बाजूला नीट लावून ठेवले आणि मग त्याला आत चमकणारी ओल दिसली.

"वाळू दे," नोएलीन म्हणाली.

तो मोजे घातलेल्या पायांनी थंड सिमेंटवर उभा राहिला. ती फडका पिळत होती. आत फरशी कडेकडेने वाळत चालली होती.