कणगीतला लॅपटॉप

पोशीरच्या त्या घरात लॅपटॉप आला तेव्हापासून चंद्राबाई त्याला पाहुण्यासारखं वागवत होती. ओल्या हाताने शिवायचं नाही, जवळ चहा ठेवायचा नाही, त्याच्यासमोर मोठ्याने बोलायचं नाही. हे शेवटचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण सून त्याच्यापुढे बसली की सासूचा आवाज आपसूक खाली येई.

सून छाया ठाण्याच्या एका विमा कंपनीत होती. लोकांचे प्रश्न लॅपटॉपवर येत, ती उत्तरं टाइप करून पाठवी. कंपनीने तिला महिनाभर घरून काम करून बघायला सांगितलं होतं. जमलं तर पुढेही घरूनच, नाही जमलं तर रोज ठाणं. आणि पोशीरहून रोज ठाणं करायचं तर नेरळ स्टेशन गाठतानाच जीव अर्धा होतो, म्हणून जितेशने, चंद्राबाईच्या लेकाने, शेलूला स्टेशनाजवळ एक खोली बघून ठेवली होती. चंद्राबाई त्यावर ‘‘तुमाला सोयीचं असंल तसं करा’’ एवढंच म्हणाली. त्या दिवशी कालवणात दोनदा मीठ पडलं आणि ते सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

असं असताना परवा टेबल पुसताना तिच्याच हातून तांब्या कलंडला.

पाणी फार नव्हतं. छायाने लॅपटॉप लगेच बंद केला, उपडा धरून झटकला, पुसला. ‘‘ओला मोबाइल तांदळात ठेवतात म्हणे. तांदूळ पाणी ओढून घेतात.’’ तांदूळ डब्याच्या तळाला गेला होता. नवं भात अजून गिरणीवर जायचं होतं, पण झोडून पडवीतल्या कणगीत भरलेलं होतं. चंद्राबाईने हाताने भात सारून जागा केली, लॅपटॉप उघडाच आत बसवला आणि वरून भात लोटलं. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तांदूळ काय नि भात काय, सालाचाच तर फरक.

काल लॅपटॉप चालू झाला तेव्हा दोघी हसल्या. आज सकाळी मात्र तो स्वतःच लिहू लागला. छायाने ‘नमस्कार’ लिहिलं, बोटं उचलली, तरी पुढे क उमटतच राहिला. एक ओळ, दुसरी ओळ, पडदाभर क.

‘‘आत कावळा बसलाय का काय गं?’’

‘‘आई, हसवू नका. दोनला माझी ड्युटी आहे.’’

छायाने लॅपटॉप बंद करून चालू केला. आता पासवर्डच्या चौकटीत ठिपके धावू लागले. ते पुसून, मधेच झटपट पासवर्ड घालून ती कशीबशी आत गेली आणि ऑफिसात नम्रताला फोन लावला. बिघडलेले लॅपटॉप दुरुस्त करणं हे नम्रताचं काम. फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला.

‘‘मी इथूनच बघते,’’ नम्रता म्हणाली. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला.

‘‘आता ह्यो बाण पन सुटला,’’ चंद्राबाई कुजबुजली.

‘‘ती फिरवतेय, आई. ठाण्यात बसून.’’

चंद्राबाईने पदर सावरला. आपण तिला दिसतो की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

नम्रताने भाषेची सेटिंग बदलून पाहिली. कीबोर्डचा ड्रायव्हर काढून परत टाकला. क थांबला, छायाने श्वास सोडला, आणि क पुन्हा सुरू झाला. फक्त भाषा बदलल्यामुळे आता इंग्रजी k उमटत होता.

‘‘छाया, आत काही सांडलं होतं का? पाणी, चहा?’’

छायाने चंद्राबाईकडे पाहिलं आणि नजर वळवली. ‘‘नाही.’’

‘‘मग मशीनचाच दोष. उद्या घेऊन ये, उघडून बघू. दुसरं मिळेपर्यंत इकडेच बस. तुझ्यावर काही येणार नाही.’’

चंद्राबाईच्या डोळ्यांपुढे ठाण्याचं टेबल आलं, उघडलेला लॅपटॉप आला, आणि त्यातून खाली पडणारं भात. सांगावं तर हे घर कामाच्या लायकीचं नाही असं ते म्हणणार, आणि मग शेलू. न सांगावं तर सगळ्यांसमोर पोरीचं तोंड उतरणार. ती पुढे झाली. छाया मान हलवून नको नको म्हणत होती.

‘‘बाई, मी हिची सासू. पानी माझ्या हातनं सांडलं. नि सुकाया म्हनून मी तो भातात ठेवला.’’

फोनमधून नम्रताने विचारलं, ‘‘काकू, शिजवलेल्या?’’

‘‘शिजवलेल्यात कोन घालंल गं? कणगीतल्या.’’

‘‘तुसासकट?’’ नम्रताला हसू आवरलं नाही. मग तिने नीट सांगितलं. लॅपटॉप बंद करा, उपडा धरून हलके थोपटा, मग क च्या बटणाच्या कडेने कोरडा ब्रश फिरवा. बटण उचकटू नका.

छायाने लॅपटॉप उपडा धरला. चंद्राबाईने खाली पांढरं फडकं पसरलं. थोपटल्यावर भुसा गळला.

‘‘मधे कशाला बोललात?’’ छाया फोनपासून तोंड वळवून कुजबुजली. ‘‘निभावलं असतं मी.’’

‘‘उद्या त्यांनी उघडला आस्ता तर? भात माझं नि खोटी तू पडली आस्तीस.’’

जुन्या टूथब्रशने छाया बटणाच्या कडा झाडू लागली. बऱ्याच वेळाने एक फोलपट अर्धं बाहेर आलं आणि तिने ते चिमटीत धरून ओढलं. लॅपटॉप चालू केला. पासवर्डची चौकट रिकामी. ‘नमस्कार’ लिहून तिने हात मांडीवर ठेवले. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. काही उमटलं नाही.

‘‘पाणी सांडल्याचं मला लिहावं लागेल,’’ नम्रता फोनवरून म्हणाली. ‘‘तू आधी नाही म्हणालीस तेही सर विचारतील.’’

‘‘लिहा,’’ छाया म्हणाली.

दोनपासून ती कामाला बसली. चंद्राबाईने भांडीसुद्धा अंगणात नेऊन घासली. संध्याकाळी ऑफिसातून सरांचा फोन आला तेव्हा ती दारातच थांबली. छाया ‘हो’ म्हणत होती, मधे एकदा ‘सॉरी सर’, मग पुन्हा हो.

‘‘काय म्हनाले?’’

‘‘रागावले. उद्या लॅपटॉप तपासायला न्यायचाय. आणि आता महिनाभर बघायचं वगैरे नाही, आठवड्याला दोन दिवस ऑफिसला जायचंच. बाकीचे घरून.’’

‘‘म्हंजे शेलू…’’

‘‘दोन दिवसांसाठी कोण खोली घेतंय, आई? जितेशला मी सांगते.’’

चंद्राबाईने दारातली केरसुणी उगाच उचलून आत ठेवली. ‘‘सकाळी कितीला निघशील?’’

‘‘सहाला.’’

‘‘मग कमळ्याला आत्ताच सांगाया पायजे. त्याची रिक्षा सकाळची भरती,’’ असं म्हणून ती चपला घालून निघाली.