मुकुंदाच्या केसांचा नवस

आमच्या मुकुंदाचे केस आधी भुवईवर आले, मग डावा डोळा झाकून गालापर्यंत उतरले, आणि तरी तो म्हणे, अजून वाढवायचे आहेत. नागपूरला कॉलेजात घातला होता त्याला, विजेचं शिकायला. सुट्टीत घरी आला तो काळा सदरा, काळी पँट, पाठीवर गिटार, आणि तोंड असं की पांढुर्ण्याच्या टेसनावर याचा खिसा कापला असं वाटावं.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही नाही, आजी."

"मंग तोंडाले काय झालं?"

"तोंड असंच आहे."

तोंड असं नव्हतं. जन्मला तेव्हा ते सगळ्यात आधी मीच पाहिलं आहे.

त्याच्या होस्टेलातल्या एका पोराचा भाऊ अमेरिकेत. त्यानं तिकडच्या पोरांच्या गाण्याची कॅसेट पाठवली होती. ती पोरं म्हणे मनात जे सलते ते माईकसमोर ओरडून सांगतात, आणि गाता गाता खरोखर रडतात, लोकांदेखत. याला तिकडं इमो म्हणतात, असं मुकुंदानं मला समजावून सांगितलं. तेव्हा तिकडंही ते नवीनच निघालं होतं. आमच्या गावात त्याचं बी पडायला वेळ लागला नाही. एक शिंप्याचा पोरगा, एक कंपाउंडरचा, दोघं मुकुंदाचे शाळेतले मित्र. त्यांनीही केस डोळ्यावर घेतले, काळे सदरे शिवले. मागच्या शेडात आम्ही संत्रा छाटून पेट्या भरतो, तिथं तिघं टेप लावून भिंतीला टेकून बसत. मजा करणारी पोरं मी खूप पाहिली, पण इतकं मन लावून दुःखी होणारी पोरं पहिल्यांदाच पाहिली.

माझा मुलगा दत्तात्रय, म्हणजे मुकुंदाचा बाप, संत्र्याचा व्यापारी. त्याला बाजारात लोक विचारू लागले, पोराची तब्येत बरी आहे ना. एक दिवस जेवताना त्यानं ताट सरकवलं.

"रविवारी नत्थूजी येईन. केस उतरवतो याचे. आन ते गिटार विकतो."

मुकुंद म्हणाला, "कापा, बाबा. मी हात नाही धरणार. पण मंग मी नागपूरचाच. सुट्टीतही येणार नाही."

आवाज चढवला नाही त्यानं. तेच मला टोचलं. ओरडून भांडणारा पोरगा संध्याकाळी जेवायला येतो, हळू बोलणारा येत नाही.

या घरात शेवटचा शब्द माझा असतो. केस कापावेत असंच माझंही म्हणणं होतं, ते काही मी लपवत नाही. पण पोरगा जावा असं म्हणणं नव्हतं. दोन्ही कसं साधावं, ते काही सुचून नव्हतं राहिलं.

त्याच रविवारी मुकुंदाच्या मोठ्या बहिणीला, जयश्रीला, पाहायला सौंसरचे लोक येणार होते. मुलगा अरविंद, तिथल्या शाळेत मास्तर. दुपारी येतो म्हणाले आणि सकाळच्याच बसनं उतरले. पुढं मुलाची आजी वत्सलाबाई. बाई माझ्यासारखीच, म्हणजे घरात दुसऱ्या कोणाचं चालू न देणारी. आणि आमचा मुकुंद नेमका ओसरीवर बसलेला. काळा सदरा, अंघोळ नाही, केस तोंडावर, जागून जागून डोळे लाल.

वत्सलाबाईचा पाय उंबरठ्यावरच थांबला.

"घरात सुतक आहे का?"

चूक तिची नव्हती. आमच्याकडं माणूस गेलं की घरचे पुरुष केसाला वस्तरा लावत नाहीत, फणीही फिरवत नाहीत. अशा घरी पाणी पीत नाहीत, तर मुलगी कुठून पाहणार. माझी सून मालती पाण्याचा तांब्या घेऊन दारातच खिळली. दत्तात्रयानं तोंड उघडलं. तो खरं बोलणार हे मला दिसत होतं. पोरगा बिघडला, सुतक कसलं, असं तो म्हणाला असता, आणि बिघडलेल्या भावाची बहीण कोण घेते?

"सुतक असो वैऱ्याच्या घरी," मी म्हटलं. "नवस आहे."

"कोणाचा?"

"माझा. आमच्या जयश्रीचं चांगल्या घरी लग्न लागेस्तोवर भावाच्या केसाले कैची लागणार नाही, असं देवीले बोलली मी."

वत्सलाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "आन काळे कपडे?"

"ते कॉलेजाचे. विजेचं शिकते ना पोरगा, हात काळे, कपडे काळे."

मुकुंदाचा जो एक डोळा उघडा होता, तो बटणासारखा गोल होऊन माझ्यावर खिळला. वत्सलाबाई मात्र आत आली, त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"भाऊ असावा त असा," आपल्या नातवाला म्हणाली. "तू त बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढाले उभा नाही राहिला."

एवढ्यात नत्थूजी न्हावी पेटी घेऊन अंगणात शिरला. त्याला काय माहीत. "कुठी आहे लहाने मालक? बसा पुढं," असं म्हणत त्यानं वस्तरा काढला. वत्सलाबाई त्याच्यावर अशी धावली की बिचारा पेटीसुद्धा बंद न करता मागं सरला.

"नवसाचे केस आहेत ते, लेका. हात लावशील त तुया घराले बाधन. अक्षता पडू दे. मंग मी माया डोळ्यादेखत उतरवून घेईन आन सोता सौंसरच्या देवीपाशी नेईन."

पोहे खाऊन, मुलगी पसंत करून, कुंकू लावून ते लोक गेले. बस सुटली तशी मुकुंद माझ्यासमोर येऊन बसला.

"आजी, तू खोटं बोलली."

"खोटं कायचं? नवस तोंडातून निघाला की खरा होते. आधी नव्हता, आता आहे."

"म्हणजे लग्नात कापणार?"

"देवीचं आहे, द्यावंच लागते."

त्यानं डोळ्यावरची बट बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "जयूताईसाठी देतो. बाबांसाठी नाही देत. पण त्या दिवसानंतर मी नाही येणार, आजी. ते मी बोललो, ते बोललो."

नातू माझा आहे, बोललेलं फिरवत नाही. तेव्हा मला वाटलं, थोडा कमी माझा असता तर बरं झालं असतं.

दत्तात्रयाला मात्र हात चोळत बसावं लागलं. गावात नवसाची गोष्ट पसरली, आणि जो तो मुकुंदाला रस्त्यात थांबवून पाया पडू लागला. शिंप्याच्या पोराला त्याच्या बापानं केसावरून मारलं, तर पोरानं सांगितलं, माझाही आहे नवस. कशाचा, विचारलं तर म्हणे, देवीनं अजून सांगितलं नाही.

होळी गेली, मृगाच्या पावसात फुललेला संत्रा निघाला, शेड रिकामं झालं. लग्न वैशाखात. पोरं परीक्षा देऊन आली आणि शेडात पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. एका दुपारी मी काठी घेऊनच गेली. दारात पोचली आणि थांबली. मुकुंद डोळे मिटून गिटार वाजवत होता, आणि त्याच्या गळ्यातून जे निघत होतं ते गाणं नव्हतं, हेल होता. लेक सासरी निघाली की आमच्या बाया जसा हेल काढून रडतात, अगदी तसा वर चढणारा आणि वरच फुटणारा. बोल मात्र इंग्रजी.

"कोणासाठी रडून राहिला?" मी विचारलं.

तिघांनी दचकून पाहिलं. "रडत नाही, आजी. गातो."

"मले शिकवतं का? कोणासाठी?"

"माहीत नाही. तिकडच्या पोरानं लिहिलं आहे."

"मंग दुसऱ्याचं रडणं कायले आणलं? आपल्या घरी कमी आहे का?"

कंपाउंडरचा पोरगा हसला. मी त्याला सरकायला लावलं आणि पेटीवर बसली.

"ऐका. बाई नुसती बोंबलत नाही. जिले सोडून जाते तिचं नाव घेते. मंग एखादं काम सांगते, ते आता कोण करन म्हणते. मंग दम घेते. दम घेतल्याबिगर हेल वर जात नाही. तुमचा मधीच तुटून राहिला."

"करून दाखव ना, आजी," मुकुंद म्हणाला.

माझं माहेर सावरगावचं, नदीच्या पल्याड. इथून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांची गोटमार असते, तेव्हा माझे भाऊ आणि माझा नवरा नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे राहून एकमेकांना गोटे मारत, आणि मी दोन्हीकडच्या डोक्यांना हळद लावत असे. पण सासरी निघाली तेव्हा मी अशी रडली होती की जसं समुद्रापार चालली. तेच मी म्हटलं. "अवो मायेऽ, तुया गाईची धार आता कोण काढन वोऽ, तुये पाय कोण दाबन वोऽ..." म्हातारा गळा, पण चढला.

मुकुंदानं तारांवर बोट ठेवलं आणि माझा हेल जिथं संपला तिथून हळूच वाजवू लागला.

"आजी, हे तर तेच आहे," तो म्हणाला. "अमेरिकेतल्या पोरांनी तुम्हा बायांकडून चोरलं."

"चोरू दे. पण आमची पुरुषमाणसं कधी रडली नाहीत रे असं. त्यायले येत नाही."

"येते. कोणी रडू देत नाही."

मी उठून घरी आली. काठी तिथंच विसरली, ती शिंप्याच्या पोरानं आणून दिली.

वैशाखात अक्षता पडल्या. पंगती झाल्या. वऱ्हाडाची बस दारात लागली, आणि वत्सलाबाईनं नवं लाल फडकं पसरून नत्थूजीला बोलावलं. मांडवाच्या कोपऱ्यात पाट मांडला. मुकुंद पाटावर बसला, पण गिटार घेऊन.

"वत्सलाआजी, थोडं थांबा," तो म्हणाला. "माझ्या बहिणीची पाठवणी करू द्या."

बाया जयश्रीच्या गळ्यात पडायला सरसावल्या होत्या, त्या थांबल्या. त्यानं सुरू केलं. या वेळी बोल आमचे होते. "जयूताईऽ, रात्री उशिरा आलो त दार कोण उघडन वोऽ. बाबा रागावले त मधी कोण पडन वोऽ." दम घ्यायचा तिथं घेतला, हेल तुटला नाही. वर गेल्यावर फुटला, तो रडण्यानं फुटला. जयश्री शालू सावरत धावत आली आणि भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. पुरुषमाणसं इकडं तिकडं पाहू लागली, कोणी घसा खाकरला, अरविंद मास्तरानं चष्मा काढला. दत्तात्रय बाजेवाल्याशी हिशेबावरून भांडायला गेला होता. तो तिथंच भांडण सोडून उभा राहिला आणि परत आला तेव्हा त्याला कोणाकडंच पाहायचं नव्हतं.

"पोराच्या गळ्यात बाईमाणसाचं रडणं आहे," वत्सलाबाई म्हणाली. तिनं हे चांगल्या अर्थानं म्हटलं की वाईट, मी विचारलं नाही.

नत्थूजीनं केसांवर पाणी मारलं. मुकुंदानं गिटार खाली ठेवलं, डोळे मिटले आणि मान वाकवली. ती वाकलेली मान मी पाहिली आणि मला समजलं की हा केस देईल, बहिणीच्या बसमागं हात हलवील आणि उद्याच्या गाडीनं नागपूरला जाईल, तो कायमचा.

"नत्थूजी, वस्तरा ठेव," मी म्हटलं.

सगळा मांडव माझ्याकडं वळला.

"मी दुसरा नवस बोलली."

"कधी?" वत्सलाबाईनं विचारलं.

"आताच. अक्षता पडतानी. जयश्रीच्या पोटी लेकरू येईन, त्याचं बारसं होईन, तोवर हे केस राहातीन."

"पहिला फेडल्याबिगर दुसरा कसा बोलता, विहीणबाई? देवी कोपन."

"पहिला फेडतो ना. देवीले एक बट पुरते. का तिले गादी भरायची आहे?"

वत्सलाबाईनं मला खालून वर पाहिलं. सगळं समजलं तिला, पहिल्या दिवसापासूनचं. माझ्यासारखीच आहे म्हटलं ना. पण पणतू कोणाला नको असतो, आणि त्याच्या नवसाला आडवं कोण जाते?

"मागून घे रे, मानेपाशी," ती नत्थूजीला म्हणाली. "दिसू नको देऊ." मग फडक्यात बट बांधता बांधता माझ्या कानाशी बोलली, "तुमचा नवस तुमच्यावाणीच आहे. सरळ काही चालत नाही."

"तुम्ही तरी कुठी सरळ आल्या? दुपारचं सांगून सकाळी आल्या."

ती हसली. बस सुटली.

धूळ खाली बसेस्तोवर बापलेक वेशीपाशी उभे होते. मी मागून पोचली. दत्तात्रय मुकुंदाकडं न पाहता विचारत होता, "ते, माया रागावण्याचं जे गायलं, ते आधीच लिहिलं होतं का आता सुचलं?"

"आधी लिहिलं होतं, बाबा."

"हं," दत्तात्रय म्हणाला. मग टोपीवरची धूळ झटकत, "तेवढं काही रागावत नाही मी."

"रागावता."

"रागावतो," तो म्हणाला, आणि घराकडं निघाला.

मुकुंद माझ्यापाशी आला. केस नेहमीसारखे डोळ्यावर, मागं मानेपाशी उंदरानं कुरतडल्यासारखी एक जागा.

"आजी, दिवाळीच्या सुट्टीत होस्टेलातले अजून दोघं येतो म्हणतात. शेड रिकामं राहीन का?"

"दिवाळीत शेडात संत्रा असते. तुम्ही ओसरीवर बसजा," मी म्हटलं. "आन त्या पोरायले सांग, इथी यायचं त आपापलं रडणं घेऊन या. उसनं चालणार नाही."